गाडीच्या डोळ्यांतलं पाणी

पुण्याहून सोलापूरकडे पहाटे निघणाऱ्याला एक क्षण चुकत नाही. रस्ता आग्नेयेकडे धावत असतो आणि इंदापूरच्या आसपास कुठेतरी सूर्य थेट नाकासमोर वर येतो. त्या दिवशी भिगवणच्या पाणवठ्याजवळून जाताना अंधारात काचेवर टपटप किडे आपटले होते. तेव्हा काही वाटलं नव्हतं. काच दिसायला ठीक होती. मग उजाडलं, पहिली तिरीप काचेवर पडली आणि समोरचा रस्ताच नाहीसा झाला. नुसता पिवळट पांढरा पडदा. वायपर लावला तर त्याने किड्यांचा तो सगळा लगदा काचभर पसरवला, अंगण सारवावं इतका नेटका. वायपरची दांडी स्वतःकडे ओढली. बॉनेटखालून मोटारीची घरघर आली. पाणी काही आलं नाही.

ताशी ऐंशी किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. तीन सेकंद दिसलं नाही, तर क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्यांहून अधिक अंतर गाडी आंधळी धावते. मी वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून, अधूनमधून थांबत, टेंभुर्णीच्या अलीकडचं एक गॅरेज गाठलं.

गॅरेजमधला मुलगा विशीतला असेल. त्याने बॉनेट उघडलं, एका टाकीचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं.

"काका, ह्यात पाणी कधी भरलं होतं?"

"दिवाळीत असेल."

"कुठल्या?"

मी गप्प बसलो. त्याने एक बारीक रबरी नळी उपसली आणि मला दांडी ओढायला सांगितलं. पाण्याची चिळकांडी त्याच्या शर्टावर. "पंप चांगलाय. नोझल बसलंय." मी उत्साहाने खिशाला अडकवलेली टाचणी पुढे केली, कारण आमच्या जुन्या फियाटमध्ये वडील त्या फवाऱ्याची भोकं टाचणीनेच मोकळी करायचे. त्याने हात आडवा केला. "टाचणी नको काका. ह्याच्या पोटात भूलभुलैया असतो." त्याने नोझल काढलं आणि एका वाटीत, शेजारच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणून ठेवलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवलं. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखे बारीक बुडबुडे वर येऊ लागले. "अर्धा तास. चहा घ्या तोवर."

पंचवीसेक वर्षं गाडी चालवतोय. इंजिन, गिअर, ब्रेक यांबद्दल थोडंफार सांगू शकेन. पण काचेवर उडणाऱ्या त्या चार चमचे पाण्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या चहापासून मी त्याचा नाद लावून घेतला, आणि तो अजून सुटलेला नाही.

आधी तो पडदा. सावलीत स्वच्छ दिसणारी काच सूर्यासमोर येताच आंधळी का होते? धुळीचे कण, तेलकट थर, किड्यांच्या अंगातल्या प्रथिनांचा वाळलेला पापुद्रा, हे सगळं येणारा प्रकाश विखुरतं. पण हे विखुरणं सगळीकडे सारखं नसतं. प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठे कण तो मुख्यत्वे पुढच्याच दिशेला फेकतात. म्हणजे सूर्य किंवा समोरच्या ट्रकचा दिवा काचेच्या पलीकडे असला, की ती धूळ त्याचा उजेड नेमका आपल्या डोळ्यांत उधळते. पाठीमागून उजेड असेल तेव्हा तीच धूळ जवळजवळ दिसतही नाही. म्हणून गाडी धुऊन समाधानाने तिच्याकडे पाहणाऱ्या माणसाला काचेची खरी अवस्था कधी कळत नाही. ती कळते पहाटे, इंदापूरला.

आणि कोरडा वायपर चालवणं तर काचेशी उघड वैर. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मापावर काच साधारण साडेपाचावर येते. रस्त्यावरच्या वाळूतलं क्वार्ट्झ सातावर. म्हणजे धुळीचा कण काचेपेक्षा कठीण. त्याच्यावर रबर दाबून पुढेमागे घासायचं, म्हणजे काचेवर पॉलिशपेपर फिरवायचा. एकदा ओरखडे पडले की ते जन्माचे. रात्री प्रत्येक ओरखडा समोरच्या दिव्याची एक चमकती कमान काढतो. त्यामुळे क्रम पक्का हवा: आधी पाणी, मग वायपर.

आता तो भूलभुलैया. जुन्या नोझलमध्ये एक छोटी गोळी आणि तिला एक किंवा दोन भोकं असायची, त्यातून पाण्याची सरळ धार निघायची. ती धार काचेवर एका ठिपक्यावर आदळते आणि बाकीचं काम वायपरवर सोडून देते. हल्लीच्या अनेक गाड्यांत मात्र पाणी पंख्यासारखं पसरत येतं, थेंबाथेंबांचं. दूरवर पसरलेला तो पंखा पाहिला तर वाटतं आत काहीतरी गरगर फिरत असणार. आत काहीही हलत नाही. नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये कोरलेली एक पोकळी आणि तिच्या दोन बाजूंना दोन आडवाटा, बस्स.

घरीच एक प्रयोग करून बघा. नळ बारीक सोडा आणि त्या धारेला चमच्याची फुगीर पाठ हलकेच लावा. धार चमच्याला चिकटते आणि त्याच्या वळणासोबत वळते. चमचा हलका धरला असेल तर तो धारेकडे ओढला गेल्याचं बोटांना जाणवतं. वाहतं पाणी किंवा हवा जवळच्या पृष्ठभागाला अशी बिलगते, याला हेन्री कोआंडा या रुमानियन अभियंत्याचं नाव आहे. नोझलच्या पोटात शिरलेली धार अशीच एका भिंतीला बिलगते. पण त्या भिंतीलगतच्या आडवाटेत थोडं पाणी शिरतं, मागे फिरतं आणि धारेच्या बुडाशी येऊन तिला कोपराने ढोसतं. धार दुसऱ्या भिंतीला जाऊन चिकटते. तिथेही आडवाट आहेच. पुन्हा ढोसणं, पुन्हा पहिल्या भिंतीला. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं, त्यामुळे बाहेर पडणारी धार डावी-उजवीकडे झुलते आणि आपल्या डोळ्यांना पंखा दिसतो. स्प्रिंग नाही, पातं नाही, वीज नाही. पाणीच पाण्याला वळवतं.

याचा जन्म गॅरेजमध्ये झालेला नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकी सैन्याच्या वॉशिंग्टनमधल्या एका प्रयोगशाळेत काही अभियंते हवेच्या आणि पाण्याच्या धारांनी 'विचार' करणारी यंत्रं बनवत होते. एका बारीक धारेने दुसऱ्या मोठ्या धारेची दिशा बदलायची, म्हणजे ट्रान्झिस्टर जे विजेने करतो ते धारेने करायचं. क्षेपणास्त्रांतल्या हादऱ्यांत आणि किरणोत्सर्गात नाजूक इलेक्ट्रॉनिक्स टिकेल याची तेव्हा खात्री नव्हती. कोरलेल्या पोकळीला मात्र कशाचंच भय नाही. पुढे सिलिकॉनची चिप इतकी स्वस्त आणि दणकट झाली की धारांचे संगणक मागेच राहिले. त्या गटातल्या रोमाल्ड बोल्स यांनी काढलेल्या कंपनीने मात्र ही विद्या गाडीच्या काचेपर्यंत आणली. क्षेपणास्त्राचा मेंदू व्हायला निघालेली कल्पना आज किड्यांचे डाग धुते, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि टाचणी त्या पोकळीच्या कडा खरवडते, मग धार झुलायची थांबते. त्या मुलाला कोआंडा ठाऊक नसेल, पण मर्म पुरतं ठाऊक होतं.

वाटीतले बुडबुडे कसले होते, हेही सांगायला हवं. पावसाचं पाणी दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपत खाली जातं आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. बोअरचं पाणी जड लागतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर खपल्या धरतात, ते याच क्षारांमुळे. नोझलचं तोंड तिळाएवढंसुद्धा नसतं. फवारा मारून झाला की तिथे एक थेंब लोंबकळत राहतो. बॉनेट तापलेलं असतं, थेंब वाळतो, पाणी उडून जातं आणि चुनखडीचा एक अदृश्य थर मागे राहतो. पुन्हा थेंब, पुन्हा थर. गुहांमध्ये छतापासून खाली लोंबणारे चुन्याचे खांब हजारो वर्षांत थेंबाथेंबाने वाढतात, तसंच माझ्या गाडीच्या नोझलमध्ये काही महिन्यांत बूच बसलं होतं. व्हिनेगरमधलं आम्ल चुनखडी विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो. सोपा उपाय असा की टाकीत बोअरचं पाणी घालूच नये. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी उत्तम, नाहीतर आरओचं. काही जण एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बाटलीत धरून ठेवतात. युक्ती चांगली आहे, कारण ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण त्यात एसीतली धूळ आणि जंतू येतात, तेव्हा ते गाळून घ्यावं आणि नुसतं वापरू नये. नुसतं का नको, ते पुढे येईलच.

गंमत अशी की वायपर आधी आला आणि पाणी फार नंतर. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला गेल्या होत्या. हिमवर्षावात ट्रॅमचा चालक काच उघडून, गारठत, डोकं बाहेर काढून गाडी हाकताना त्यांना दिसला (इंदापूरच्या पुढे मी अगदी त्याच अवतारात होतो). घरी परतल्यावर त्यांनी आतून दांड्याने फिरवायच्या रबरी पात्याचा आराखडा केला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कॅनडातल्या एका कंपनीने याला बाजारात किंमत नाही असं कळवलं. पुढे पेटंटची मुदत संपली आणि मग प्रत्येक गाडीला वायपर लागले. त्यांना त्यातून एक पैसाही मिळाला नाही.

त्या काळी पाण्याची वेगळी सोय कशाला लागेल? पाऊस, बर्फ हे वरून येणारच. खरी अडचण पाऊस थांबल्यावर सुरू होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पहिल्या सरीनंतर रस्ता ओला, आभाळ कोरडं, आणि पुढच्या टेम्पोच्या चाकांनी उडवलेला चिखल काचेवर. आता पाणी आपलं आपणच आणायला हवं. जुन्या गाड्यांत ते आणायच्या तऱ्हा एकेक होत्या. कुठे रबरी फुगा हाताने दाबायचा, कुठे पायाने पंप मारायचा. माझ्या सगळ्यात आवडीची तऱ्हा फोक्सवॅगन बीटलची. तिचं इंजिन मागे, त्यामुळे पुढच्या बॉनेटखाली जादा चाक ठेवलेलं. अभियंत्यांनी त्या चाकाच्या हवेला एक नळी जोडून ती वॉशरच्या टाकीला दिली. टायरमधली हवा पाण्याला ढकलायची आणि काचेवर फवारा उडायचा. मोटार नको, वायर नको. काचा धूत धूत जादा चाक पंक्चर झाल्यासारखं बसेल त्याचं काय? त्याचीही सोय होती. टायरमधला दाब ठरावीक पातळीखाली गेला की एक झडप बंद व्हायची, म्हणजे चाक वापरण्याइतकी हवा त्यात कायम राहायची. इतका काटकसरी विचार मला आमच्या आजीखेरीज कुणात दिसला नव्हता.

आजच्या गाडीत बॉनेटखाली दोन ते पाच लिटरची प्लास्टिकची टाकी असते आणि तिच्या बुडाशी रबरी बुचात खोचलेला अंगठ्याएवढा पंप. हा पंप म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा पणतूच. आत एक छोटी चकती गरगर फिरते आणि पाणी बाहेरच्या बाजूला भिरकावते. शेतकऱ्याला ठाऊक असतं की अशी मोटार हवा धरली की पाणी उचलत नाही. म्हणून नळीच्या तोंडाशी फूटव्हॉल्व्ह बसवतात, म्हणजे मोटार बंद झाल्यावर नळीतलं पाणी परत विहिरीत उतरत नाही. गाडीतही पंप टाकीच्या बुडाशी असतो तो याचसाठी, आणि अनेक गाड्यांत नळीत एक पिटुकली एकदिशा झडप असते. ती झडप बिघडली, तर दांडी ओढल्यावर पाणी यायला दोन-तीन सेकंद लागतात. घाटात तेवढे सेकंद फार असतात. मागच्या काचेलाही वायपर असलेल्या कित्येक गाड्यांत पंप एकच असतो. तो सुलटा फिरला की पुढच्या काचेवर पाणी, उलटा फिरला की मागच्या. त्या एवढ्याशा डब्यात वाट बदलणारा रबरी पडदा पाण्याच्या दाबानेच सरकतो.

पंपाचं एक पथ्य आहे. टाकी रिकामी असताना दांडी ओढून धरायची नाही. पाणीच त्याचं वंगण आणि पाणीच त्याचा गारवा. कोरडा फिरला की तो तापतो आणि झिजतो.

डोळ्यांची उपमा मी उगाच दिलेली नाही. रॉबर्ट कर्न्स नावाच्या अमेरिकी अभियंत्याच्या डाव्या डोळ्याला १९५३ मध्ये, लग्नाच्याच रात्री, शॅम्पेनचं उडालेलं बूच लागलं आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तेव्हापासून डोळा, पापणी यांचा विचार त्याच्या मनात घर करून राहिला. पुढे भुरभुर पावसात गाडी चालवताना त्याला प्रश्न पडला: पापणी सारखी हलत नसते, मधे थांबून मिटते, मग वायपर एकसारखा खरडत का राहतो? त्याने थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरचं सर्किट बनवलं आणि १९६३ मध्ये ते फोर्ड कंपनीला दाखवलं. पुढची कथा कोर्टाची आहे, ती लांब आणि कडू. १९९० मध्ये फोर्डकडून त्याला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, नंतर क्रायस्लरविरुद्धही तो जिंकला, पण तोवर आयुष्याची उमेद खटल्यांत गेली होती. आज आपण दांडी एक खाच फिरवतो आणि वायपर पापणीसारखा लवतो, तो त्याचा डोळा.

पण कर्न्सने पापणी उचलली, अश्रू नाही. आणि खरी करामत अश्रूंची आहे. आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो आणि दर वेळी बुबुळावर काही मायक्रॉन जाडीचा एक थर नव्याने पसरतो. त्यात सगळ्यात वर तेल, म्हणजे पाणी वाळू नये. मधे पाणी. तळाशी बुळबुळीत म्युसिन, ज्याच्यामुळे पाणी बुबुळावर थेंब-थेंब न होता सपाट पसरतं. अश्रू म्हणजे नुसतं पाणी असतं, तर डोळ्यांना नीट दिसलंच नसतं.

काचेचंही तसंच. डिझेलच्या धुराचा तेलकट थर बसलेल्या काचेवर नुसतं पाणी मारा, ते गोळा होऊन ओघळतं आणि मळ जागचा हलत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना तेलाशी संबंध नको असतो. त्यांची ती मिठी सैल करणारं काहीतरी पाण्यात लागतं. आपल्या आज्या हे काम रिठ्याकडून करून घेत. रिठ्यातलं सॅपोनिन एका टोकाने पाणी धरतं, दुसऱ्या टोकाने तेल, आणि दोघांची सोयरीक जमवून मळ उचलतं. वॉशरच्या निळ्या द्रवात असंच फेस कमी करणारं, डाग मागे न ठेवणारं एक मार्जक असतं, जोडीला थोडं अल्कोहोल. पावसात काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळणारे जुने ट्रकड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. तेही बिचारे पाण्याला सपाट पसरायलाच लावत होते.

याच जागी एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीचा विषय येतो, कारण आपल्याकडे निम्म्या टाक्यांत तीच असते. केसांना मऊपणा यावा म्हणून पुष्कळशा शाम्पूंत सिलिकॉनचं तेल घातलेलं असतं. केसांवर त्याचा पातळ लेप बसतो. काचेवरही बसतो. मग रात्री समोरून गाडी आली की आपण म्हणतो, हल्ली लोक फार प्रखर दिवे लावतात. भांड्यांच्या साबणाचा फेस आणि दाटपणाही असाच मागे राहतो. गाडीच्या दुकानात मिळणारी वॉशरच्या द्रवाची बाटली स्वस्त असते. तीच घ्या.

त्या बाटलीबद्दल एक गंभीर गोष्ट. थंड देशांत टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून द्रवात बरंच अल्कोहोल घालतात. टोरांटोतली माझी भाची हिवाळ्यात उणे चाळीस असं छापलेला कॅन गाडीत बाळगते. हे अल्कोहोल कित्येकदा मिथेनॉल असतं. पोटात गेलं तर शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. गाडीला दिसावं म्हणून बनवलेला द्रव माणसाची दृष्टी नेऊ शकतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम करून सामान्य ग्राहकांना विकायच्या अशा द्रवांतलं मिथेनॉल जवळजवळ बंदच केलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गोठण्याचा प्रश्नच नाही, पण रंग निळाशार आणि बाटली सरबतासारखी असते. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

आता तो वास. झाकण उघडल्यावर त्या मुलाने नाक मुरडलं होतं, आणि माझ्या मनात तीच गोष्ट सर्वांत जास्त दिवस घोळत राहिली. साचलेलं, कोमट, अंधारातलं पाणी जिवंत होतं, हे रांजण धुणाऱ्या कुणालाही कळतं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचं संमेलन एका हॉटेलात भरलं होतं. त्यानंतर दोनशेहून अधिक माणसं विचित्र न्यूमोनियाने आजारी पडली आणि ३४ जण दगावले. काही महिन्यांनी जंतू सापडला, त्याला नाव मिळालं लेजिओनेला. तो पाण्यात राहतो, वीस ते पंचेचाळीस अंशांच्या उबेत वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांवर बसून फुप्फुसांत शिरतो. कोमट पाणी, बंद टाकी, बारीक तुषार. काही ओळखीचं वाटतंय? २०१० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी रोग्यांच्या सवयी तपासल्या, तेव्हा टाकीत नुसतं पाणी घालून भरपूर गाडी चालवणाऱ्यांत या आजाराचा धोका जास्त दिसला. त्यांच्या अंदाजाने तिथल्या सुट्या-सुट्या आढळणाऱ्या रुग्णांपैकी साधारण पाचवा हिस्सा या कारणाचा असू शकतो. नंतर अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांना शाळेच्या बसगाड्यांच्या टाक्यांतही हे जंतू जिवंत सापडले. वायपरच्या खालीच गाडीत ताजी हवा ओढणारी जाळी असते. फवारा मारल्यावर त्याचा वास आत येतो तो तिथूनच. घाबरण्यासारखं नाही, धडधाकट माणसाला हा आजार क्वचित होतो आणि टाकीत वॉशरचा द्रव असेल तर धोका कमी होतो. पण म्हणूनच नुसतं पाणी नको.

अश्रूंमध्ये मात्र ही सोय मुळातच आहे. पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंगने जगाला सांगितलं की माणसाच्या नाकातल्या शेंबडात आणि अश्रूंत जंतू विरघळवणारा एक पदार्थ असतो. त्याने त्याला लायसोझाइम म्हटलं. प्रयोगाला अश्रू कमी पडू लागले, तेव्हा तो आपल्या सहकाऱ्यांना लिंबाने रडवून ते गोळा करायचा. डोळ्याची टाकी स्वतःच स्वतःचं जंतुनाशक बनवते. गाडीच्या टाकीत ते आपल्याला ओतावं लागतं.

आणि आता गाडीचे डोळे वाढू लागलेत. मागचा कॅमेरा, आरशाजवळचा कॅमेरा, चालकाविना धावणाऱ्या टॅक्सींवरचे लेसरचे डोळे. या सगळ्यांवर तीच धूळ बसते. अमेरिकेत रस्त्यावर धावणाऱ्या वेमो कंपनीच्या विनाचालक गाड्यांच्या लेसरवर चक्क इवलेसे वायपर आहेत.

अर्ध्या तासाने त्या मुलाने वाटीतून नोझल काढलं, फुंकलं, बसवलं. टाकी दोनदा खळबळून धुतली. तळातून शेवाळी रंगाचं जे निघालं त्याचं वर्णन करत नाही. नळी एका जागी उंदराने कुरतडली होती, तेवढा तुकडा कापून टाकला. मग डिस्टिल्ड पाणी आणि निळा द्रव. मी दांडी ओढली. सकाळच्या उन्हात काचेवर पंखा उघडला आणि त्यात क्षणभर इंद्रधनुष्य दिसलं. "पैसे?" तर म्हणाला, "द्रवाचे द्या. फुंकरीचे नाही घेत."

तुमच्याही गाडीत हे दहा मिनिटांचं काम आहे. ज्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं ते उघडा, वास घ्या, शंका आली तर टाकी रिकामी करून धुवा. मोटार घरघरते पण पाणी येत नाही, तर नोझल किंवा नळी तपासा. घरघरच नसेल तर आधी फ्यूज बघा. नोझलला पिनेएवढं गोल भोक असेल तर टाचणी चालेल, चपटी फट असेल तर व्हिनेगर. आणि शेजारी दिसायला तसंच असलेलं कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका. आतलं पाणी उकळतं आणि दाबाखाली असतं, थेट तोंडावर येतं.